जिभेवरची मुद्रा

आमचे साहेब कुठलीही वस्तू आधी चाटायचे आणि मग बघायचे.

लोकांना वाटतं मी थट्टा करते आहे. पण गिरगावात चर्नी रोडच्या अंगाला, एका हौशी व्यापाऱ्याने मागे ठेवलेल्या बंगल्यात एक लहानसं वस्तुसंग्रहालय होतं, तिथे मी टायपिस्ट म्हणून लागले आणि पहिल्याच सकाळी पाहिलं ते हेच. टेबलाशी एक गृहस्थ बसलेले, अंगात काळा कोट, नाकावरून घसरलेला चष्मा आणि जिभेच्या टोकावर मडक्याचा तुकडा. मला पाहून त्यांनी तो काढला नाही, नुसता हाताने बसा म्हणाले. मग सावकाश तुकडा रुमालाने पुसला.

"नीट भाजलेलं नाही. जीभ चिकटते," ते म्हणाले. "तुम्ही नव्या टायपिस्ट ना? मग दाराशी का उभ्या?"

मी दाराशी उभी होते कारण मला पळून जायचं होतं. पण वडील कामाला होते त्या गिरणीचे महिन्यातून निम्मे दिवस हरताळात जायचे, त्यामुळे बसले.

ही विद्या त्यांना तरुणपणी सिंधमध्ये, उत्खननावर असताना त्यांच्या गुरूंनी दिली होती. डोळा फसतो, बोटं फसतात, जीभ फसत नाही, असं ते गुरू म्हणत. कच्ची भाजलेली माती जिभेला धरून ठेवते, घट्ट दगड गार लागतो आणि सुटतो, आणि नव्या चुन्याने टोकाला चुरचुरतं. शास्त्र म्हणून ते खरंही असेल. पण साहेबांनी त्या शास्त्राला काही सीमाच ठेवली नव्हती. एकदा ठाकुरद्वारचा एक माणूस मोठ्या अभिमानाने घराण्यातली कट्यार घेऊन आला. साहेबांनी मुठीला जीभ लावली आणि म्हणाले, "पॉलिशची चव आहे. मूठ परवाची." तो माणूस इतका दुखावला की कट्यार बाहेर काढतो की काय असं मला वाटलं. दुसऱ्यांदा एक वयस्कर बाई देव्हाऱ्यातला शाळीग्राम दाखवायला आल्या. साहेबांनी तो हातात घेतला, चष्मा वर केला आणि तोंड उघडलं. बाईंनी झडप घालून देव काढून घेतला आणि जिना उतरून गेल्या. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "का गेल्या हो?"

त्यांना खरंच कळलेलं नसे. ह्यात सोंग काही नव्हतं.

त्यांचा खरा जीव होता वरच्या खोलीतल्या सागवानी कपाटात. त्या व्यापाऱ्याने फाळणीच्या आधी कराचीत विकत घेतलेल्या, दगडात कोरलेल्या जुन्या मुद्रा तिथे होत्या. आपण पोस्टात शिक्का मारतो ना, तशाच, फक्त दगडाच्या आणि चार हजार वर्षांपूर्वीच्या. कुणावर गेंडा, कुणावर बैल, वर दोन-चार अक्षरं, जी अजून कुणाला वाचता आलेली नाहीत. साहेब पाहुण्यांना मुद्रा दाखवतच नसत. त्यांच्या डब्यात पोळी-भाजीबरोबर रोज कणकेचा एक गोळा यायचा. तो थापून त्यावर ते मुद्रा टेकवायचे आणि उठलेला ठसा पुढे करायचे. "मुद्रा बघायची नसते. कोरणाऱ्याने ती ठशासाठी कोरली. तुम्ही ठसा बघा." मलाही त्यांनी शिकवलं. दाबायचं नाही, टेकवायचं, आणि उचलताना अजिबात घाई करायची नाही.

घाईशी त्यांचं वैरच होतं. ट्रस्टींचं पत्र आलं, बस चुकली, छत गळायला लागलं, काहीही झालं तरी ते म्हणायचे, "कशाला घाई? चार हजार वर्षं थांबलंय." पत्र थांबलेलं नसे, बसही नसे, पण हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

ठसे बघत ते कोरणाऱ्या माणसांबद्दल शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलत. हा डावखुरा होता. ह्याची हत्यारं बोथट, पण पठ्ठ्याला लाज नाही. ह्याला बैल येतो, खूर येत नाहीत, म्हणून बघा कसं गवत उगवलंय पायाशी. सगळ्यांत लाडकी मुद्रा सगळ्यांत लहान होती, जेमतेम चिंचोक्याएवढी, चौकोनी, पांढरीशुभ्र, पाठीवर दोरा ओवायला भोक पाडलेलं बोंड. तिच्यावर एक बोकड होता, चालता चालता मान मागे वळवून बघणारा. "ह्याला कोणीतरी हाक मारली आहे," साहेब म्हणायचे. "मागचा पाय बघा, घाईत कोरलाय. कोरणाऱ्यालाही जेवायला हाक आली असणार." आम्ही दोघं त्या मुद्रेला नुसतं बोकड म्हणायचो.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. चौपाटीवर सभा असली की आमच्या खिडकीखालून मोर्चे जायचे. ट्रस्टींनी तंबी दिली होती की कर्मचाऱ्यांनी असल्या भानगडीत पडायचं नाही. साहेब पडतही नसत. सभेला गेले नाहीत, बिल्ला लावला नाही. फक्त अर्धी घोषणा कानावर आली की उरलेली अर्धी त्यांच्या तोंडून निघायची, शिंक निघते तशी. कोणी म्हणालं "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र," की साहेब कुठेही असोत, "झालाच पाहिजे." ट्राममध्ये, लायब्ररीत, एकदा तर एका मयताला गेले असताना. फणसवाडीत ते राहायचे त्या चाळीतल्या पोरांना ही कळ सापडली होती. पोरं सकाळी गॅलरीखाली उभी राहून पहिली अर्धी घोषणा द्यायची आणि पळायची. वर साहेब दाढी करत असायचे. त्यांच्या गालावर कायम एक चिकटपट्टी असायची ती त्यामुळे.

मग दिल्लीहून कळलं की तिथले एक मोठे जाणकार आमच्या मुद्रा तपासायला येणार आहेत. हे गृहस्थ आणि साहेब तरुणपणी एकाच गुरूंच्या हाताखाली, एकाच तंबूत होते. पुढे ते मोठे झाले आणि साहेब गिरगावात आले. दिल्लीच्या ह्या गृहस्थांना बोकडाबद्दल शंका होती. त्यांचं म्हणणं, दगड जुना असेल, पण हा पांढरा लेप म्हणजे कराचीच्या दुकानदाराने फासलेला चुना आहे आणि कोरीवकामही त्यानेच करवून घेतलं असणार. साहेब म्हणायचे, लेप मूळचाच आहे, कोरल्यावर भट्टीत भाजून पक्का केलेला. निकाल लावायचा मार्ग सोपा होता. वर आम्लाचा थेंब टाकायचा. चुना असेल तर फसफसेल, भाजलेला लेप असेल तर काही होणार नाही. फसफसलं तर बोकड कपाटातून बाहेर, आणि साहेबांनी इतकी वर्षं लोकांना दाखवलेलं सगळं खोटं.

"मग टाकू द्या की थेंब," मी म्हणाले. "तुमची खात्री आहे ना?"

"पोरगं खरंच आपलं आहे का ते बघायला त्याला विहिरीत टाकतात का?" साहेब चिडून म्हणाले. मी त्यांना चिडलेलं प्रथमच पाहिलं. खात्री त्यांना होती, पण खात्रीखाली भीतीही होती, आणि ती त्यांना लपवता येत नव्हती. तेव्हापासून ते दिवसातून कितीदा तरी वरच्या खोलीत जायचे, कपाट उघडायचे आणि बोकड जिभेवर ठेवायचे. चुरचुरत नाही ना, एवढं बघायचे. खाली येताना बरे दिसायचे. थोड्या वेळाने पुन्हा वर.

एका दुपारी मी काही सह्या घ्यायला वर गेले. साहेब कपाटाशी डोळे मिटून उभे होते, तोंड मिटलेलं, म्हणजे बोकड आत. खिडकीखाली मोर्चा आला होता. कुणीतरी अगदी खिडकीच्या खालूनच खणखणीत आवाजात म्हणालं, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे," साहेब म्हणाले.

'झालाच' नीट आलं. 'पाहिजे' अर्धवट राहिलं. साहेबांचे डोळे उघडले आणि हात गळ्याशी गेला. मी धावले, पाठीत गुद्दे घातले. त्यांनी एकदा आवंढा गिळला, मग लांब श्वास घेतला. मला वाटलं, सुटलो. मी त्यांच्या तोंडापुढे हात धरला. त्यांनी मान हलवली आणि बोटाने खाली, कोटाच्या बटणांकडे दाखवलं.

"गेला," ते म्हणाले.

मला हसू आलं हे मी कबूल करते. पण त्यांचा चेहरा बघून ते विरलं. साहेब खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, "आता दिल्लीचे येणार आणि बोकड नसणार. लोक काय म्हणतील कळतंय का? खोटा होता म्हणून लपवला. बरं, गिळला असं सांगावं, तर म्हणतील मुद्दामच गिळला." ते अगदी बरोबर होतं. मीच ते डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मीही तेच म्हटलं असतं.

मी त्यांना फणसवाडीत घरी नेलं. घरात त्यांची थोरली बहीण होती, लवकर विधवा झालेली, सगळे त्यांना अक्का म्हणत. मी काय झालं ते सांगितलं. अक्कांनी भावाला आपादमस्तक न्याहाळलं.

"दोरा ओवायचं भोक होतं म्हणतोस ना तिला? मग दोरा बांधून चाटायची. ओढून तरी काढली असती," त्या म्हणाल्या. आणि मग त्यांना आठवलं, "अरे, पण बोकड? आपल्या घरात?"

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही कुठल्या?"

"परळच्या. भोईवाड्यात राहतो."

"ते झालं. पण कुठल्या?"

"बौद्ध आहोत आम्ही," मी म्हणाले. आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो. ते सांगणं नवं होतं आणि सांगताना मला ताठ उभं राहावंसं वाटायचं. चहा आला. त्या दोघांचा पितळी पेल्यांतून, माझा कान तुटलेल्या कपातून. तो कप फळीवर एकटाच वेगळा ठेवलेला असावा, कारण आधी त्याची धूळ पुसल्याचं मी पाहिलं होतं. मला राग आला आणि मी चहा पिऊन टाकला, कारण मी थकले होते. साहेबांचं लक्षच नव्हतं. ते पोट दाबून बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना परळच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेले, ते आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. डॉक्टर तरुण होता. त्याने एक्स-रे काढला, तो उजेडासमोर धरला आणि पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. साहेब खुर्चीतून उठून फिल्मला नाक लावून उभे राहिले.

"डॉक्टर, बोकडाचं तोंड कुठल्या बाजूला आहे?"

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला समजावून सांगितलं. त्याने मोठ्या गंभीरपणे पुन्हा फिल्म बघितली आणि म्हणाला, "खाली आहे. ते बरंच आहे. केळी खा, उकडलेले बटाटे खा, आणि थांबा."

"थांबायची सवय आहे," साहेब म्हणाले. पण म्हणताना नेहमीचा जोर नव्हता.

येताना ते आमच्या खोलीवर आले. आईची तारांबळ उडाली. साहेब जमिनीवर बसले, आईने दिलेलं पाणी घटाघटा प्यायले, भाकरी आणि बटाट्याची भाजी खाल्ली आणि आणखी भाजी मागून घेतली. मी आत ताट ठेवायला गेले तेवढ्यात आई माझ्या कानाशी लागली.

"अगो, ह्यो तुजा सायब पाटा चाटतोय."

मी बाहेर डोकावले. साहेब मोरीजवळ उकिडवे बसून आमच्या पाट्याच्या कडेला जीभ लावत होते. "काळा दगड, कोकणातलाच. सुरेख आहे," ते आईला म्हणाले. "कुठून आणलात?" आईने लाजत सांगितलं की लग्नात माहेरहून आणला. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख आलं. जो माणूस हजारो वर्षांपूर्वीच्या कुणा अनोळखी माणसाची वस्तू विचार न करता तोंडात घालतो, त्याला आमच्या घरचं पाणी काय जड जाणार होतं. मला साहेब त्या दिवशी फार आवडले. आधी नुसती कीव यायची.

पुढचे दिवस वाईट गेले. दिल्लीकरांची गाडी जवळ येत होती आणि बोकड येत नव्हता. साहेब रोज सकाळी जिना चढून यायचे. मी टाइपरायटरवरून मान वर करायची आणि ते मान हलवायचे. त्यांची जीभ बंद पडली होती. कुणी काही आणलं तर लांबूनच बघायचे आणि "असेल, असेल" म्हणायचे. खिडकीखालून मोर्चा गेला तरी ओठ आवळून बसायचे. घोषणा अनुत्तरित जाताना त्यांचा गाल थरथरायचा. मला घरी रात्री जेवण जाईना. मुद्रा गेली तर साहेब गेले, हे मला दिसत होतं. त्यांच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं.

चाळीत सगळी गॅलरी मिळून संडास सामायिक, तेव्हा शोधाची व्यवस्था कशी केली ह्यावर मी लिहीत नाही. चाळीत राहिलेल्याला सांगायला नको आणि न राहिलेल्याने विचारू नये. एवढंच सांगते की अक्कांनी एक जुनं भांडं त्या कामी कायमचं दान केलं.

दिल्लीकर यायच्या आदल्या सकाळी साहेब कामावर आलेच नाहीत. मी तशीच फणसवाडीत गेले, जिने धापा टाकत चढले. दारातच अक्का उभ्या होत्या, हातात शिकेकाईचा वाडगा, पदर खोचलेला, आणि चेहऱ्यावर असं हसू की मला बोलायची गरज उरली नाही. जीव भांड्यात पडतो म्हणतात, आमचा अक्षरशः पडला होता. मी उंबऱ्यातच बसले आणि रडले. का ते मला सांगता येणार नाही, मुद्रा माझी थोडीच होती.

"ऊठ गं पोरी, आत ये," अक्का म्हणाल्या. "उकळत्या पाण्यातून काढली, शिकेकाईने धुतली, डॉक्टरांचं औषधाचं पाणी घातलं. आता तू बघ, मला चष्म्यातून दिसत नाही. पांढरं उडालं का कुठे?"

मी स्वयंपाकघरात गेले. साहेब खिडकीशी बोकड हातात धरून बसले होते. मी तो उजेडात फिरवला. पांढरा होता, कडेपर्यंत पांढरा, बोकड मागे वळून बघतच होता, घाईत कोरलेल्या पायासकट.

"पोटात आम्लच असतं," साहेब एकदम म्हणाले. हे त्यांच्या आत्ता, बोलता बोलताच लक्षात येत होतं. "तेच आम्ल, जरा पातळ. आणि थेंबभर नाही, दिवसच्या दिवस. चुना असता तर उरला असता का हो?"

"नसता," मी म्हणाले.

त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. अक्कांनी चहा ओतला. मला त्यांनी दिला तो पितळी पेल्यातून. कान तुटलेला कप फळीवर नव्हता. पुढे मी त्या घरी कितीदा तरी गेले, तो पुन्हा दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी दिल्लीकर आले. उंच, रुबाबदार, पांढऱ्या मिशा. साहेबांना त्यांनी मिठी मारली आणि लगेच कामाला लागले. टेबलावर आम्लाची बाटली आणि काचेची कांडी मांडली. म्हणाले, "तू नाही म्हणणार मला माहीत आहे, पण..."

"टाक की," साहेब म्हणाले.

दिल्लीकर चकित झाले. साहेबांनी बोकड तळहातावर पुढे केला. दिल्लीकरांनी तो उचलला, चष्मा वर सरकवला आणि, तेही त्याच गुरूंचे चेले, त्यामुळे आम्ही दोघं तोंड उघडायच्या आत त्यांनी तो जिभेवर ठेवला.

साहेबांचा हात अर्धा पुढे गेलेला, तसाच राहिला. दिल्लीकर डोळे मिटून, गंभीर चेहऱ्याने, वेळ घेऊन चव बघत होते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले, कारण साहेबांकडे पाहिलं असतं तर माझं काही खरं नव्हतं.

"हं," अखेर बोकड काढून ते म्हणाले. "चुरचुरत नाही. चव स्वच्छ आहे."

मग त्यांनी कडेला थेंब टाकला. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. थेंब होता तसा राहिला, एक बुडबुडा आला नाही. त्यांनी पाण्याने मुद्रा धुतली, साहेबांच्या हातात परत दिली आणि साध्या शब्दांत म्हणाले, "तुझं बरोबर होतं. मी चुकलो." मला त्यांचंही कौतुक वाटलं.

संध्याकाळी त्यांना टॅक्सीत बसवून आम्ही फाटकाशी उभे राहिलो. रस्त्यावरून मोर्चा येत होता. साहेबांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी रंग होता, तरी काहीतरी खुपत होतं.

"बाई," ते म्हणाले, "त्यांना सांगायला हवं, नाही का? तो बोकड कुठून आला ते. आता तार करावी काय?"

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"कशाला घाई, साहेब? चार हजार वर्षं थांबलंय."

ते इतके हसले की फाटकाला धरून उभं राहावं लागलं. मोर्चा समोर आला. पुढच्या माणसाने हात उंचावून पहिली अर्धी घोषणा दिली. साहेबांनी एकदा तोंडात जीभ फिरवून तोंड रिकामं असल्याची खात्री करून घेतली, आणि पूर्ण ताकदीने उरलेली अर्धी दिली. त्यांच्याबरोबर मीही दिली.